मुकादमाचाही मालक

थायरॉईडचे नाव आता घरोघरी पोचले आहे. पण थायरॉईडला काम सांगतो कोण, असे विचारले तर शिकलेली मंडळीही गप्प बसतात. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. थायरॉईड, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी, बीजांडकोश यांच्यावर तिची मुकादमकी चालते. आणि या मुकादमाला हुकूम सोडणारा मालक म्हणजे तिच्या वरचा, बदामाएवढा हायपोथॅलॅमस. त्याचे हुकूम रासायनिक आणि इतके सूक्ष्म, की ते हुडकायला गिलेमिन व शॅली या शास्त्रज्ञांना मेंढ्या-डुकरांचे लाखो मेंदू गोळा करावे लागले. १९७७ च्या नोबेलमध्ये दोघांना वाटा मिळाला.

मालकच खचला तर खालच्या ग्रंथी धडधाकट असूनही हात बांधून बसतात. मेंदूतली गाठ, डोक्याला जबर मार, किरणोपचार ही त्याची कारणे. आपल्याकडे मेंदूच्या आवरणाचा क्षयही विसरू नये.

आमच्या कवठे महांकाळ तालुक्यातल्या तिशीच्या एक बाई. मेंदूचा टीबी होऊन बऱ्या झालेल्या. पुढे द्राक्षबागेतले काम झेपेना, उन्हाळ्यातही थंडी वाजे, पाळी बंद. ठिकठिकाणी सलाईनच्या बाटल्या लावून झाल्या. (सलाईनवरची आपल्या लोकांची श्रद्धा हा वेगळाच विषय!) नवऱ्याने रिपोर्ट पुढे केला, "डॉक्टर, टीएसएच नॉर्मल हाय म्हणत्यात, मग हिला झालंय तरी काय?"

गोम इथेच आहे. टीएसएच हा मुकादमाचा निरोप. थायरॉईडच आजारी असेल तर तो वाढतो. पण बिघाड वर असेल तर तो नॉर्मलही दिसतो. अशा वेळी टी-फोर पाहावेच लागते. ते कमी निघाले, सकाळी आठचे कॉर्टिसॉलही कमी. त्यांना मिरजेला तज्ज्ञांकडे पाठवले.

औषधांत क्रमाला फार महत्त्व आहे. कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉईडची गोळी दिली तर उरलेसुरले कॉर्टिसॉलही झपाट्याने संपते आणि जिवावर बेतू शकते. म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन. स्टिरॉईड म्हटले की लोक दचकतात. ताकदीसाठी म्हणून कुणी देत असेल तर जरूर दचकावे. इथे मात्र शरीरात जेवढे कमी तेवढेच भरायचे असते. ही गोळी नवरात्राच्या उपवासातही सोडायची नाही. ताप आला तर डॉक्टरांना विचारून डोस वाढवायचा. उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर तडक दवाखाना गाठून इंजेक्शन घ्यायचे. या बाईंच्या नवऱ्याने हे सारे मराठीत एका चिठ्ठीवर लिहून घेतले. ती चिठ्ठी बाईंच्या बटव्यात असते.