धान घरात, पडदा वर : झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम

वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाची कापणी सुरू झाली, की गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज शहरात वेगळीच लगबग दिसू लागते. वडसा या जुन्या नावानेच अधिक ओळखल्या जाणाऱ्या या शहरात नाट्यमंडळांचे फलक रस्त्याच्या दुतर्फा झळकतात. गावोगावचे प्रतिनिधी कार्यालयांच्या पायऱ्या चढतात, नाटकांची नावे ऐकतात, नटसंच विचारतात, घासाघीस करतात आणि इसार देऊन तारीख पक्की करतात. दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन साधारणपणे होळीपर्यंत चालणाऱ्या झाडीपट्टी रंगभूमीच्या हंगामाची ही नांदी असते.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे व त्यांना लागून असलेला काही भाग झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. दाट झाडी, तलाव आणि धानाची शेती ही या प्रदेशाची ओळख. येथे कायमस्वरूपी नाट्यगृहे मोजकीच आहेत. तरीही हंगामात एका गावात नाटक संपत असताना दुसऱ्या गावात मंडपाचे खांब उभे राहत असतात. पन्नासच्या घरातील नाट्यमंडळे, त्यांच्यावर अवलंबून असलेले कलावंत, वादक, नेपथ्यकार, वाहनचालक, मंडपवाले व छापखाने आणि या सर्वांना निमंत्रण देणारी गावे, असा या रंगभूमीचा विस्तार आहे. तिला सरकारी अनुदानाचा वा मोठ्या प्रायोजकांचा आधार नाही. ती प्रामुख्याने तिकिटावर आणि गावाच्या हौसेवर चालते.

गावच होते निर्माता

पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर निर्माता नाटक उभे करतो आणि नाट्यगृहाची तारीख मिळवून प्रयोग लावतो. झाडीपट्टीत प्रयोगाची जबाबदारी गाव घेते. गावातील तरुण किंवा ज्येष्ठ मंडळी एकत्र येऊन मंडळ स्थापन करतात, वर्गणी काढतात आणि वडशाच्या एखाद्या नाट्यमंडळाशी करार करतात. नाट्यमंडळ कलावंत, संगीतसाथ, नेपथ्य, प्रकाश व ध्वनियोजना घेऊन येते. जागा, मंडप, प्रसिद्धी, तिकीटविक्री, परवाने आणि बंदोबस्त हे सारे गावाने पाहायचे असते.

या व्यवस्थेत धोकाही गावच पत्करते. ठरलेली रक्कम नाट्यमंडळाला द्यावीच लागते. तिकिटे खपली नाहीत, तर तूट आयोजकांच्या खिशातून भरून निघते. शिल्लक उरली, तर ती मंदिराच्या, शाळेच्या किंवा गावाच्या अन्य सार्वजनिक कामाला लावण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. त्यामुळे नाटकाची निवड हा गावात गांभीर्याने चर्चिला जाणारा विषय ठरतो. कोणता विनोदी नट येणार, नायिका कोण, शेजारच्या गावाने त्याच रात्री कोणते नाटक ठेवले आहे, या साऱ्याचा विचार करूनच निर्णय होतो.

मंडई, शंकरपट आणि पाहुणे

हंगामाचे वेळापत्रक छापील पंचांगाइतकेच शेतीच्या पंचांगावर ठरते. हलके धान लवकर निघते, भारी धानाची कापणी व मळणी पुढे लांबते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरू लागतात. दिवसा बाजार, मिठाईची दुकाने, दंडारीचे खेळ आणि रात्री नाटक असा मंडईचा क्रम असतो. मध्य प्रदेशातील बालाघाट व छत्तीसगडचा सीमाभाग येथेही मंडईची परंपरा असल्याने हा उत्सव राज्याच्या सीमेवर येऊन थांबत नाही.

पौष-माघात शंकरपटाला रंग चढतो. बैलजोड्यांच्या या शर्यतीसाठी पंचक्रोशीतील माणसे जमतात आणि रात्रीच्या नाटकाला आयताच प्रेक्षक मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा या साखळीतील एक महत्त्वाचा दुवा तुटला. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने महाराष्ट्रातील शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरविला. त्यानंतर पटाच्या दाणी पुन्हा गजबजू लागल्या. मधल्या वर्षांतही नाटके थांबली नव्हती, ही बाब मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. पटाच्या आधाराने वाढलेली रंगभूमी पटावाचूनही उभी राहू शकते, हे त्या काळात दिसून आले.

याच काळात चिमूरची घोडायात्रा आणि मार्कंडा येथील महाशिवरात्रीची यात्राही भरते. ज्या गावात नाटक असते, तेथे घरोघरी पाहुणे उतरतात. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, जुन्या ओळखींना उजाळा मिळतो आणि उपवर मुलामुलींची स्थळे सुचविली जातात. नाटकाच्या रात्री पाहुण्यांच्या पंगतीत जुळलेली लग्ने या भागात नवलाईची मानली जात नाहीत.

पहाटेपर्यंत चालणारा प्रयोग

मंडप शेतात किंवा मोकळ्या पटांगणात उभा राहतो. मागे बसलेल्यालाही रंगमंच दिसावा म्हणून अनेक ठिकाणी बैठकीची जमीन उतरती खोदली जाते. पुढे खुर्च्या, मागे जमिनीवरची बैठक अशी दरांनुसार विभागणी असते. थंडीचे दिवस असल्याने प्रेक्षक घोंगड्या, चादरी घेऊनच येतात.

रात्री प्रथम उद्घाटनाचा सोहळा होतो. लोकप्रतिनिधी, प्रतिष्ठित नागरिक यांचे सत्कार व भाषणे आटोपली, की पडदा उघडतो. नाटक बहुधा तीन अंकी असते. कौटुंबिक संघर्ष, जमिनीचे वाद, हुंडा, व्यसन, राजकारण, कर्जबाजारी शेतकऱ्याची व्यथा हे विषय प्रेक्षकांच्या ओळखीचे असतात. गंभीर प्रसंगांच्या मध्ये विनोदी प्रवेश आणि गाणी पेरलेली असतात. गाणारे नट, ऑर्गन, तबला, ढोलक आणि अलीकडे आलेली विद्युत वाद्ये यांच्या साथीने प्रयोग पहाटेपर्यंत रंगतो.

रात्रभराच्या या प्रयोगामागे केवळ परंपरा नाही. विखुरलेली गावे, मधे जंगल आणि अपुरी वाहतूक अशा प्रदेशात मध्यरात्री नाटक संपले, तर दूरच्या प्रेक्षकाने जायचे कोठे, हा व्यावहारिक प्रश्न होता. उजाडताना सुटलेल्या नाटकाचा प्रेक्षक सुरक्षितपणे घरी पोहोचतो. वाघांचा वावर असलेल्या या पट्ट्यात आजही हे कारण गैरलागू झालेले नाही.

परंपरेची दोन मुळे

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना सांगली येथे १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सादर केलेल्या ‘सीता स्वयंवर’ या नाटकापासून आरंभ केला जातो आणि त्याच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ने संगीत नाटकाचे युग सुरू केले. झाडीपट्टीच्या रंगभूमीला हा वारसा मिळालाच. परंतु तिची दुसरी मुळे स्थानिक लोककलांत आहेत. दंडार, खडीगंमत, गोंधळ, डहाका यांसारख्या प्रकारांनी येथे अभिनय, गायन व हजरजबाबी विनोद जोपासला. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या लोककलांच्या अभ्यासाला मोठा हातभार लावला.

शेजारच्या छत्तीसगडमधील ‘नाचा’ या लोकनाट्याशी या परंपरेचे नाते सहज जाणवते. नाचातील कलावंतांना सोबत घेऊन हबीब तन्वीर यांनी १९७५ साली ‘चरणदास चोर’ रंगमंचावर आणले आणि ग्रामीण नटाचे सामर्थ्य देशभरच्या नाट्यरसिकांपुढे ठेवले. झाडीपट्टीच्या नटाला अशी राष्ट्रीय ओळख मिळण्यास बराच काळ जावा लागला. गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या रंगभूमीची दखल प्रथमच इतक्या ठळकपणे घेतली गेली. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, तृषांत इंगळे दिग्दर्शित ‘झॉलीवूड’ या मराठी चित्रपटाने याच हंगामाचे पडद्यामागील जग दाखविले होते.

कलावंताचे वर्ष

येथील कलावंताला प्रत्येक प्रयोगाचे मानधन मिळते. हंगामी बोलीत प्रयोगाला ‘नाइट’ म्हणतात. नावाजलेल्या नटाच्या तारखा आधीच भरलेल्या असतात. नवोदिताला मिळेल ती नाइट घ्यावी लागते. रात्रभर काम, सकाळी थोडी झोप आणि दुपारनंतर पुढच्या गावाचा प्रवास हा क्रम महिनोन्महिने चालतो. पूर्वी स्त्री भूमिका पुरुष करीत. आता अनेक अभिनेत्री नागपूर आणि राज्याच्या अन्य शहरांतूनही हंगामासाठी येतात.

होळीनंतर मात्र उत्पन्न थांबते. बहुतेक स्थानिक कलावंत शेती, मजुरी किंवा लहानमोठ्या व्यवसायाकडे वळतात. आजारपण, प्रवासातील अपघात आणि वृद्धापकाळ हे त्यांच्यापुढील कायमचे प्रश्न आहेत. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची राज्य शासनाची योजना आहे. तथापि ज्याचे उभे आयुष्य तोंडी ठरलेल्या प्रयोगांत गेले, त्याला कागदोपत्री पुरावा गोळा करणे सोपे नसते.

कोरोनाच्या साथीने ही अस्थिरता उघडी पाडली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि त्यानंतरचा हंगाम गर्दीवरील निर्बंधांमुळे कोलमडला. वर्षाची कमाई चार-पाच महिन्यांतच होत असल्याने एक हंगाम हुकणे म्हणजे पूर्ण वर्ष हातचे जाणे होते.

पुढच्या वाटेवरील प्रश्न

हंगामापुढे आज तीन प्रश्न प्रामुख्याने उभे आहेत. पहिला प्रश्न पाऊसपाण्याचा. अवकाळी पावसाने कापलेले धान भिजले किंवा विक्रीचे पैसे वेळेवर हाती आले नाहीत, तर गावाची वर्गणी आटते आणि आधी ठरलेल्या तारखाही रद्द होतात.

दुसरा प्रश्न नियमांचा आहे. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत बंदिस्त सभागृहांव्यतिरिक्त ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी, वर्षातून कमाल पंधरा दिवस, मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. कापडी मंडपात पहाटेपर्यंत चालणारे नाटक या चौकटीत कसे बसवायचे, याचे उत्तर आयोजकांना प्रत्येक वेळी स्थानिक प्रशासनाकडे शोधावे लागते. रुग्ण, विद्यार्थी व वृद्ध यांच्या झोपेचा विचार रास्तच आहे. आणि रात्र वजा केली, तर या रंगभूमीत फारसे काही उरत नाही, हेही तितकेच खरे.

तिसरा प्रश्न रंगभूमीच्या अंतरंगाचा आहे. गर्दी खेचण्यासाठी काही प्रयोगांत कथानकाशी संबंध नसलेली नृत्ये घुसविली जातात आणि त्यांच्या पातळीविषयी तक्रारी होतात. केवळ नृत्यांचे कार्यक्रम ठेवणाऱ्या आयोजनांशी नाटकाला स्पर्धाही करावी लागते. जुने रसिक गाणाऱ्या नटाची आणि कसदार संहितेची आठवण काढतात. तरुण आयोजकांचे म्हणणे वेगळे असते : मोबाइल हातात असलेल्या प्रेक्षकाला रात्रभर बसवायचे, तर त्याची आवड डावलून चालणार नाही. या वादाचा निकाल समीक्षक देणार नाहीत. तो तिकीटखिडकीवर, गावागणिक लागतो. कुटुंबासह पाहता येईल असेच नाटक द्या, अशी अट करारापूर्वी घालणारे गावकरी हेच या परंपरेचे खरे परिनिरीक्षक ठरतात.

हंगामात या भागात जाणाऱ्या रसिकाला नाटक शोधत फिरावे लागत नाही. गोंदिया-चंद्रपूर लोहमार्गावरील वडसा स्थानकावर उतरले, की भिंतीवरील फलक त्या रात्रीचे गाव आणि नाटकाचे नाव सांगतात. सोबत एक जाड चादर असावी आणि परतण्याची घाई नसावी. तिसरा अंक संपेपर्यंत पूर्वेला तांबडे फुटलेले असते, मंडळी चादरी झटकत उठतात आणि मंडपाबाहेरच्या चहाच्या टपरीवर रात्रीच्या नाटकाचा हिशेब सुरू होतो : नट कसा होता, गाणे कसे जमले आणि पुढच्या वर्षी गावात कोणते नाटक आणायचे.