टॅबवर नोंद झाली, पण पावती का निघत नाही?



आडसालीच्या नोंदी सुरू झाल्या की एक गाऱ्हाणे हमखास ऐकू येते. चिटबॉय बांधावर येतो, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख सगळे टॅबमध्ये भरतो, पण पावती काही निघत नाही. 'प्रिंटर बिघडलाय' म्हणून तो पुढच्या प्लॉटवर जातो अन् सभासद रिकाम्या हाताने घरी. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर लागतो. पावती हाती नसली की ऐन हंगामात तारखेवरून वाद होतात. म्हणून हा खुलासा.

प्रिंटर खरोखर बिघडल्याचे प्रकार थोडे. हे कमरेला अडकवायचे छोटे यंत्र थर्मल जातीचे असते. त्यात शाई नसते. उष्णतेने कागदच काळा होतो. कागद उलटा बसवला तर तो सरकतो, पण अक्षर उठत नाही. नखाने ओरखडा काढून पाहावा, काळी रेघ उठेल ती बाजू छपाईची. बॅटरी उतरली असली तरी छपाई पुसट येते किंवा मध्येच थांबते.

आता ड्रायव्हरचे. हा ड्रायव्हर म्हणजे ट्रॅक्टरवरचा नव्हे. संगणकाचे म्हणणे प्रिंटरला कळेल अशा भाषेत सांगणारा तो दुभाषा आहे. प्रिंटरच्या खोक्यातल्या सीडीवरचा ड्रायव्हर सहसा ऑफिसातल्या विंडोज संगणकासाठी असतो. अँड्रॉइडच्या टॅबवर तो कितीदा चढवला तरी चढणार नाही. विंडोजचा टॅब असला, पण आत एआरएम जातीची चिप असली, तरी त्या चिपसाठी बांधलेलाच ड्रायव्हर लागतो. पुष्कळ वेळ वाया जातो तो इथेच.

अँड्रॉइडवर बांधावरच्या प्रिंटरचे काम बहुधा नोंदीचे ॲपच ब्लूटूथवरून करते. आधी प्रिंटर चालू करून तो टॅबच्या ब्लूटूथशी जोडायचा. संकेतांक विचारला तर तो बहुतेक ०००० किंवा १२३४ असतो. मग ॲपमध्ये जाऊन तोच प्रिंटर निवडायचा. ही दुसरी पायरी राहून जाते. 'जोडले' असे दिसते, पण ॲपला त्याचा पत्ताच नसतो! २०२१ साली आलेल्या अँड्रॉइड १२ पासून आसपासच्या उपकरणांची परवानगीही ॲपला द्यावी लागते. टॅब अपडेट झाल्यावर छपाई बंद पडली तर आधी ही परवानगी पाहावी. शिवाय तोच प्रिंटर दुसऱ्या चिटबॉयच्या टॅबने धरून ठेवला असेल तर तो आपल्याला दाद देत नाही. तिकडचे ब्लूटूथ बंद करावे.

पावतीवर आकडे नीट आणि नावाच्या जागी प्रश्नचिन्हे, असेही होते. त्या यंत्राच्या पोटात देवनागरी अक्षरेच नसतात. मजकूर चित्र करून पाठवण्याची सोय ॲपमध्ये करावी लागते. ते काम ॲप बनवणाऱ्याचे, चिटबॉयला बोल लावून उपयोग नाही.

सर्वांत महत्त्वाचे, पावती निघाली नाही म्हणून तीच नोंद पुन्हा भरू देऊ नये. नोंद वेगळी आणि पावती वेगळी. पुन्हा भरली तर एकाच गटाच्या दोन नोंदी होतात अन् निस्तरताना नाकी नऊ येतात. टॅबवर नोंद साठली आहे ना, तारीख बरोबर आहे ना, हे स्वतः डोळ्यांनी पाहावे आणि नोंद क्रमांक खिशातल्या डायरीत उतरवून घ्यावा. रेंज नसेल तर नोंद टॅबमध्येच अडकून असते, तेव्हा दोन दिवसांनी गट ऑफिसात तो क्रमांक सांगून खात्री करावी व पावती मागून घ्यावी.

मिळालेली पावती तशीच पाकिटात ठेवू नये. थर्मल कागदावरची अक्षरे उन्हाने, घामाने उडतात आणि आडसालीची तोड यायला सव्वा-दीड वर्ष लागते. त्याच आठवड्यात झेरॉक्स काढून पासबुकात ठेवावी.