तुंबलेली मोरी आणि आपले हात

मोरी तुंबली की घरात काय होते, ते तुम्हांला मी सांगायला नको. पाणी घोट्याशी साचते. त्यावर शिते तरंगतात. घरभर घाण वास सुटतो. नेमका त्याच वेळी पाहुणा दारात येतो. मग घरात बोलाचाली सुरू होते. "भात कुणी टाकला?" "हे केस कुणाचे?" भांडण होऊन जाते, मोरी मात्र तशीच राहते.

मंडळी, हे काम अवघड नाही. बहुतेक वेळा अर्ध्या तासात उरकते. पैसाही फारसा लागत नाही. ते कसे करायचे, ते आज पाहू. पण आधी वास का येतो, ते समजून घेऊ. कारण कळले की निम्मे काम झाले.

वास कोठून येतो?

मोरीत आपण काय काय सोडतो ते मोजा बरं. खरकटे, चहाचा चोथा, तेल, साबण, केस, माती, राख. यांतले काही पाण्याबरोबर वाहून जाते. काही पाइपाला आतून चिकटते. तेल-तूप गरम असते तेव्हा पातळ असते. पाइपात गेल्यावर ते थंड होते आणि थिजते. त्यावर शिते बसतात. शितांत केस अडकतात. असा थरावर थर चढतो. पाइप आतून अरुंद होतो आणि एक दिवस बंद होतो.

पाइपात ओल असते, अंधार असतो, वारा नसतो. अशा जागी जंतू वाढतात. ते ही घाण कुजवतात. कुजताना वायू तयार होतात. त्यांतल्या एका वायूला सडक्या अंड्यासारखा वास येतो. त्याचे नाव हायड्रोजन सल्फाइड. थोडा असला तर नुसते नाक मुरडावे लागते. फार असला तर तो माणसाचा जीव घेतो. त्याविषयी पुढे सांगणार आहे.

पाण्याचा पहारेकरी

आता एक गंमत पाहा. गटारात वास कायमच असतो. मग तो सगळ्याच घरांत का येत नाही? कारण वाटेत एक पहारेकरी बसवलेला असतो. तो पहारेकरी म्हणजे पाणी.

बेसिनखालचा पाइप वाकडा केलेला असतो. त्या वाकात सुमारे दोन इंच पाणी कायम अडून राहते. वरून नवे पाणी आले की जुने पुढे सरकते आणि नवे त्याच्या जागी थांबते. पाणी जाऊ शकते, पण गटारातला वायू त्या पाण्यातून वर येऊ शकत नाही. गवंडी याला ट्रॅप म्हणतात. न्हाणीघराच्या फरशीत बसवतात तो नहाणी ट्रॅप. ही वाकड्या पाइपाची युक्ती जुनी आहे. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली आपल्या संडासाच्या भांड्यासाठी ती वापरली आणि तिचे पेटंट घेतले.

आमच्या शेजारच्या वहिनी एकदा मे महिन्यात महिनाभर माहेरी गेल्या होत्या. परत आल्या त्या दिवशी धावत माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, घरात उंदीर मेलाय वाटतं. वासानं उभं राहवत नाही."

मी म्हटले, "वहिनी, आधी मोरीत दोन तांबे पाणी ओता, बेसिनमध्येही ओता. मग खिडक्या उघडा."

तासाभराने वास गेला. उंदीरबिंदीर काही नव्हता. उन्हाळ्यात ट्रॅपमधले पाणी सुकले होते. पहारेकरीच गेला, मग वायू सरळ घरात आला.

दुसरी एक चूक पुष्कळ घरांत होते. काही ट्रॅपमध्ये जाळीखाली एक उपडी वाटी असते. पाणी हळू जाते म्हणून लोक ती काढून फेकून देतात. पाणी भरभर जाऊ लागते, पण वासही वर येऊ लागतो. ती वाटी काढावी, घासावी आणि परत जागेवर बसवावी.

मोरी कशी मोकळी करावी?

आधी बघा, अडले कुठे. एकच मोरी तुंबली असेल तर बोळा जवळच आहे. घरातल्या सगळ्या मोऱ्या तुंबल्या असतील तर बोळा पुढे, बाहेरच्या पाइपात किंवा चेंबरमध्ये आहे.

सामान फार लागत नाही. रबरी हातमोजे, बादली, जुना ब्रश, धुण्याचा सोडा, बांबूची लवचिक कामटी किंवा टोकाला वाकवलेली जाड तार आणि रबरी वाटी लावलेला दांडा. हा दांडा भांड्यांच्या दुकानातही मिळतो.

१. जाळी काढा. हाताला लागेल तेवढी घाण वर काढून कचऱ्यात टाका. पाण्याने पुढे ढकलू नका. ढकललेली घाण पुढे जाऊन पुन्हा अडते. पुष्कळदा एवढ्यानेच मोरी मोकळी होते.

२. साचलेले पाणी तांब्याने उपसा. मूठभर सोडा टाका आणि त्यावर कढत पाणी ओता. सोड्याने तेलकट थर सुटतो. पाव तास थांबा. पाणी मात्र उकळते नको. आजकालचे पाइप प्लॅस्टिकचे असतात. उकळत्या पाण्याने ते मऊ पडतात आणि सांधे सुटतात.

३. पाणी गेले नाही, तर रबरी वाटी भोकावर घट्ट बसवा. वाटी बुडेल एवढे पाणी भोवती असू द्या. बेसिन असेल तर वरच्या बाजूचे छोटे भोक ओल्या फडक्याने दाबून धरा. मग दांडा पंधरा-वीस वेळा खाली-वर करा. लोक फक्त खाली दाबतात. पण वर ओढण्यातही तेवढीच ताकद आहे. त्या ओढीने बोळा हलतो.

४. बेसिनखाली बाटलीसारखा ट्रॅप असेल तर खाली बादली ठेवा. बाटली हाताने फिरवून काढा, ब्रशने घासा, रबरी चकती नीट बसवून परत लावा. काम चालू असताना वरचा नळ कुणी सोडू नये, असे घरात आधी सांगून ठेवा. मी सांगितले नव्हते. माझे सदऱ्यासकट स्नान झाले.

५. तरीही अडलेलेच असेल तर कामटी किंवा तार आत घाला. ठोसे मारू नका, पाइप फुटेल. टोक अडले की गोल फिरवा आणि हळूहळू बाहेर ओढा. केसांचा बोळा तारेला गुंडाळून येतो.

६. शेवटी दोन बादल्या पाणी ओता. हात साबणाने धुवा.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर टाकावे, असेही कोणी सांगतात. फेस पुष्कळ येतो. पण घट्ट बोळा त्याने सहसा सुटत नाही.

हे करू नका

बाजारात मोरी मोकळी करण्याची तेज औषधे मिळतात. कुणी तेजाब म्हणजे ॲसिड ओततात, कुणी कॉस्टिक सोडा. या वस्तूंनी कातडी भाजते आणि डोळा जाऊ शकतो. एक गोष्ट तर पक्की मनात ठेवा. दोन औषधे कधीही एकत्र करू नका. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. तो फुप्फुसे जाळतो. लहानशा न्हाणीघरात दार लावून हे केले तर जिवावर बेतते.

चुकून असे झालेच तर औषध तेथेच टाका आणि ताबडतोब मोकळ्या हवेत या. डोळ्यांत थेंब उडाला तर वाहत्या पाण्याने निदान पाव तास डोळा धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. ज्या पाइपात असे औषध ओतले आहे, तो पाइप उघडू नका, त्यावर रबरी वाटीही मारू नका. पाणी तोंडावर उडते.

गटार नसेल तर?

खेड्यात पुष्कळ घरांचे पाणी सरळ रस्त्यावर जाते. तेथे डबके होते. डबक्यात डास अंडी घालतात. उन्हाच्या दिवसांत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. घाण पाण्यातल्या डासांपासून हत्तीरोग पसरतो.

त्यावर उपाय शोषखड्ड्याचा. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा घ्या. तळाशी मोठे दगड, मधे मध्यम, वर लहान खडी घाला. वरच्या थरात बुडाला भोके पाडलेले मडके बसवा. मडक्यात नारळाच्या शेंड्या भरा आणि मोरीचे पाणी त्यात सोडा. शेंड्यांत कचरा अडतो. त्या मधूनमधून बदलाव्या लागतात, नाहीतर खड्डाच तुंबतो. खड्डा झाकून ठेवा. विहीर किंवा हातपंप निदान पन्नास फूट दूर हवा. या खड्ड्यात संडासाचे पाणी सोडू नका.

काळ्या चिकण मातीत पाणी लवकर मुरत नाही. तेथे ते परसातल्या केळीला आणि अळूला द्यावे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे केले आणि डास हटवले. त्या गावाचे पाहून पुष्कळ गावांनी तेच केले.

एक जुनी गोष्ट

आता थोडे माझे सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगितले पाहिजे.

मी नोकरीत नवा होतो. शाळेची मोरी तुंबली. मी शिपायाला म्हटले, "खालच्या वस्तीतून कुणाला तरी बोलाव." एक म्हातारे गृहस्थ आले. कामटी घेऊन खाली बसले. हातमोजे नाहीत, काही नाही. मी नाकाला रुमाल लावून लांब उभा राहिलो. काम झाले. पैसे देताना ते म्हणाले, "गुर्जी, पोरांनी डब्यातला भात टाकला, म्हणून तुंबली. पोरं तुमची, भात त्यांचा. मग काठी माझ्याच हातात का?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी मोरीला जाळी बसवली आणि त्या जाळीतला कचरा रोज स्वतः काढू लागलो. पुढे मुलेही आळीपाळीने काढू लागली. सगळी मुले, बरं का. कुणाचे नाव त्यातून वगळले नाही.

घरच्या मोरीचे काम आपले आपण करावे. पण संडासाची टाकी आणि रस्त्याखालचे गटार यांत मात्र कुणीही उतरू नये. आपण नाही आणि दुसऱ्यालाही उतरवू नये. मघाशी सांगितलेला वायू तेथे साठलेला असतो. तो फार झाला की नाकाला वासच कळेनासा होतो. माणसाला वाटते, आता काही भीती नाही. आणि तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. अशी एका टाकीत दोन-दोन, तीन-तीन माणसे गेली आहेत.

म्हणून २०१३ साली कायदा झाला. संरक्षणाची साधने न देता माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले की, गटारात मेलेल्या सफाई कामगाराच्या कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत. पण पैशाने माणूस परत येत नाही. टाकी भरली तर नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे जा आणि मैला उपसण्याची गाडी मागवा.

गाडगेबाबा १९५६ साली गेले. ते गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. गाव झाडून झाले की मग रात्री कीर्तन. घाण काढणारा हात हलका नसतो, हे त्यांनी बोलण्याआधी करून दाखवले.

उद्या सकाळी तुमच्या मोरीची जाळी काढून बघा. आणि आजच्या वर्गात या प्रश्नांवर बोला:

१. बंद घर उघडल्यावर मोरीचा वास का येतो?
२. कोणत्या दोन वस्तू एकत्र करू नयेत? का?
३. तुमच्या घरी मोरी कोण साफ करते? नेहमी तेच माणूस का?