आर्थिक ताणातील विद्यापीठे आणि व्यूहात्मक नियोजन

तंजावर शहरात उच्च शिक्षणाच्या अर्थकारणाची दोन भिन्न रूपे दिसतात. तमिळनाडू शासनाने १९८१ मध्ये स्थापन केलेले तमिळ विद्यापीठ भाषा, कोशरचना, शिलालेख व हस्तलिखिते यांच्या संशोधनाला वाहिलेले आहे. तर १९८४ मध्ये सुरू झालेली आणि २००१ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेली ‘शास्त्र’ ही खाजगी संस्था प्रामुख्याने अभियांत्रिकी शिक्षणासाठी ओळखली जाते. अभियांत्रिकीला शुल्काचा आधार मिळतो. शिलालेखांच्या अभ्यासाला तो पुरेसा मिळणे स्वभावतःच अवघड आहे.

भोसले राजवटीतील मोडी कागदपत्रांचे तमिळ भाषांतर तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले आहे. अशा कार्याचा लाभ संपूर्ण समाजाला होतो. मात्र त्याची किंमत मोजणारा ग्राहक बाजारात नसतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही सार्वजनिक वस्तू होय.

ताणाची कारणे

राज्य विद्यापीठांच्या खर्चाचा मोठा भाग वेतन व निवृत्तिवेतन यांवर होतो. हा खर्च सहजासहजी कमी करता येत नाही. अनुदान मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, ही कोठारी आयोगाची (१९६४-६६) शिफारस २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही पुढे चालविली. परंतु ते उद्दिष्ट अद्याप साध्य झालेले नाही. दरम्यान, विद्यापीठांनी आवर्ती खर्चाच्या १५ टक्के व दहा वर्षांत २५ टक्के रक्कम स्वतः उभारावी, असे न्या. पुन्नय्या समितीने १९९३ मध्ये सुचविले होते.

स्वउत्पन्नाच्या मार्गातही अडचणी आहेत. २०२४ मध्ये प्राप्तिकर विभागाने मद्रास विद्यापीठाची बँक खाती गोठविली. शासकीय अनुदानाचा वाटा निम्म्याहून कमी असल्याने करसवलतीविषयी निर्माण झालेला वाद त्यामागे होता. म्हणजे अनुदान घटल्यास उत्पन्नाबरोबरच करविषयक स्थानही धोक्यात येऊ शकते.

नियोजनाची दिशा

आर्थिक ताण आला की सर्व विभागांत सरसकट कपात करणे व रिक्त पदे न भरणे हा सोपा मार्ग वाटतो. परंतु ते नियोजन नव्हे. मोडी वाचणारा एक तज्ज्ञ निवृत्त झाला आणि त्याचा उत्तराधिकारी तयार झाला नाही, तर ती ज्ञानपरंपरा खंडित होते. पुढे निधी मिळाला तरी ती लगेच उभी राहत नाही.

व्यूहात्मक नियोजनाचे प्रमुख टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१. विद्यापीठाचे मूळ कार्य कोणते व पूरक कार्य कोणते, हे निश्चित करणे.

२. खर्चाच्या स्वरूपानुसार उत्पन्नाचा स्रोत ठरविणे. वेतनासाठी स्थिर अनुदान, प्रकल्पांसाठी स्पर्धात्मक निधी आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शुल्क, अशी विभागणी उपयुक्त ठरते.

३. निवृत्तिवेतनाच्या भावी दायित्वाचे मूल्यमापन करून स्वतंत्र निधी उभारणे.

४. जमिनीसारखी मालमत्ता दैनंदिन तूट भरून काढण्यासाठी न विकता तिच्यापासून नियमित उत्पन्न मिळविणे.

२०१३ च्या राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानाने केंद्रीय निधीची सांगड राज्यांच्या उच्च शिक्षण आराखड्यांशी घातली. २०२३ पासून ते ‘पीएम-उषा’ या नावाने राबविले जात आहे. तथापि, अशा योजनांचा निधी कालबद्ध असतो. त्यावर कायमस्वरूपी वेतनाचा भार टाकता येत नाही.

थोडक्यात, ज्या ज्ञानशाखेला बाजारात किंमत नाही तिचे समाजाला मोल नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कोणता खर्च विद्यार्थ्याने सोसावा व कोणता समाजाने, याचा स्पष्ट निर्णय हाच विद्यापीठीय नियोजनाचा पाया होय.