इंग्रजीच्या वर्गात किती जण?

चीनमधल्या विद्यापीठांत इंग्रजीचे दोन तास बहुधा सलग घेतले जातात. प्रत्येकी ४५ मिनिटांचे धरले, तर एका बैठकीची ९० मिनिटे होतात. वर्गात ६० विद्यार्थी असतील, शिक्षकाने हजेरी घेतली नाही, स्वतः एक शब्दही उच्चारला नाही, तरी प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला दीड मिनिट येते. शिक्षक निम्मा वेळ बोलला, तर पाऊण मिनिट. इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या वर्गात असा हिशेब कुणी मांडत नाही. तिथे ऐकणारे ६० असोत की २००, व्याख्यान तेच राहते. भाषेचे शिक्षण मात्र व्याख्यानापेक्षा तबल्याच्या शिकवणीच्या जवळचे आहे. गुरुजींनी तासभर उत्तम वाजवून दाखवले आणि शिष्यांचा हात डग्ग्याला लागलाच नाही, तर त्या शिकवणीला काय म्हणायचे?

मुळात ‘मोठा वर्ग’ कशाला म्हणायचे, यावरही एकमत नाही. ब्रिटिश अमदानीत ढाक्याला शिक्षणखात्यात वर्षानुवर्षे काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९६० साली प्रतिकूल परिस्थितीतल्या इंग्रजी अध्यापनावर पुस्तक लिहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे होता तो तिसाहून अधिक, बहुधा ४० ते ५० मुले बाकांवर दाटीवाटीने बसलेला वर्ग. पुढे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या लँकेस्टर आणि लीड्स या दोन विद्यापीठांतल्या डिक ऑलराइट आणि हायवेल कोलमन यांनी मोठ्या वर्गांतल्या भाषाशिक्षणाचा प्रकल्प हाती घेतला. निरनिराळ्या देशांतल्या शिक्षकांकडून माहिती गोळा झाली, तेव्हा दिसले असे की शिक्षकाला कोणता आकडा मोठा वाटतो, हे तो रोज किती जणांपुढे उभा राहतो यावर बरेचसे अवलंबून असते. पंधरा जणांची सवय असलेल्याला ३० म्हणजे गर्दी. शंभरांची सवय असलेला ५० जणांच्या वर्गात सुस्कारा टाकतो. आपल्याकडे प्रथम वर्षाच्या सक्तीच्या इंग्रजीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसलेल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

तरीही सवय झाली म्हणून दीड मिनिटाची तीन मिनिटे होत नाहीत. मग एवढे मोठे वर्ग चालतात कसे? याचे उत्तर चीनच्या उदाहरणात जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

तिथल्या विद्यापीठीय इंग्रजीचा जुना कणा म्हणजे ‘चिंगतू’, अर्थात सखोल वाचन. एक लहानसा उतारा घ्यायचा आणि शब्दाशब्दाची फोड करत, व्याकरणाची गाठ सोडवत, समानार्थी शब्द देत तो पुरवायचा. आपल्या जुन्या संस्कृत पाठशाळांतल्या अन्वयार्थाशी या पद्धतीचे नाते लागेल. ही पद्धत टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. तिने चांगले वाचक आणि चिकाटीचे भाषांतरकार घडवले आहेत. पण तिचा एक गुण प्रशासनाच्या फार सोयीचा आहे. ती ३० जणांपुढे जशी चालते, तशीच १०० जणांपुढेही चालते.

आणि चीनला १०० जणांपुढे चालणारी पद्धत हवीच होती. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा १९७७ साली पुन्हा सुरू झाली. पुढची वीस वर्षे विद्यार्थिसंख्या बेताने वाढत होती. १९९९ साली सरकारने उच्च शिक्षणाची दारे एकदम उघडली. १९९८ साली सुमारे १०.८ लाख विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला होता. १९९९ साली सुमारे १६ लाखांना आणि २००५ साली ५० लाखांहून अधिक जणांना. या सगळ्यांना, मग ते स्थापत्य शिकत असोत की पशुवैद्यक, इंग्रजी घेणे भाग होते. इमारती दोन वर्षांत उभ्या राहतात, इंग्रजीचा शिक्षक दोन वर्षांत तयार होत नाही.

इथे तिथल्या विद्यापीठांची एक रचना आडवळणाने कामी आली. चीनमध्ये एका शाखेचे, एका वर्षाचे विद्यार्थी ठरावीक तुकडीत बांधलेले असतात. तुकडीचा एक ‘पान्चांग’, म्हणजे वर्गप्रमुख असतो आणि बरेचसे तास ही तुकडी एकत्रच करते. तुकडी साधारण तिसेक जणांची. शिक्षक कमी पडले की दोन तुकड्या एकत्र बसवायच्या. फारच कमी पडले की तीन. त्यामुळे वर्गाची संख्या ३५, ४० अशी हळूहळू वाढत नाही. ती तिसावरून साठावर आणि साठावरून नव्वदावर उडी मारते. विद्यार्थ्याला किती इंग्रजी येते, हा प्रश्न या बेरजेत येतच नाही. शांघायच्या शाळेत पहिलीपासून इंग्रजी शिकलेली मुलगी आणि कान्सूच्या खेड्यातून आलेला मुलगा एकाच बाकावर बसतात. माझ्या मते ६० या आकड्यापेक्षा ही सरमिसळ शिक्षकाला अधिक जड जाते. ६० समान पातळीचे विद्यार्थी एका धड्यावर निदान एकत्र तरी चालतात.

याला धरून बसते ती परीक्षा. बिगर-इंग्रजी शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी ‘कॉलेज इंग्लिश टेस्ट’ ही देशव्यापी परीक्षा १९८७ साली सुरू झाली. आज तिची चौथी पातळी जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते. तिच्यात ३५ टक्के गुण श्रवणाला, ३५ टक्के वाचनाला, १५ टक्के भाषांतराला आणि १५ टक्के लेखनाला आहेत. बोलण्याला शून्य. तोंडी परीक्षा १९९९ साली आली, पण वेगळी आणि ऐच्छिक. सुरुवातीला तर लेखी परीक्षेत चांगले गुण मिळवणाऱ्यांनाच तिला बसता येई. म्हणजे ७० टक्के गुण अशा कौशल्यांना, ज्यांचा सराव ध्वनिवर्धक आणि पडदा लावून १०० जणांकडून एकाच वेळी करून घेता येतो. अनेक विद्यापीठांनी वर्षानुवर्षे पदवीची सांगड या परीक्षेशी घातली होती. अशा वेळी मोठ्या वर्गाविरुद्ध विद्यार्थी किंवा पालक तक्रार करतील कशाला? परीक्षा जे मागत होती, ते वर्ग देत होता.

जे मिळत नव्हते ते विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेर शोधले. सकाळी तळ्याकाठी, झाडाखाली, जिन्यात उभे राहून इंग्रजी उतारे मोठ्याने वाचणारी मुले हे तिथल्या विद्यापीठांतले नेहमीचे दृश्य आहे. ‘इंग्लिश कॉर्नर’ ही प्रथा त्यातलीच. आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी आवारातल्या एका कोपऱ्यात जमायचे आणि अनोळखी माणसाशी इंग्रजीत बोलायचे. लानचौ विद्यापीठात यंत्र-अभियांत्रिकी शिकणाऱ्या ली यांग याने मोकळ्यावर ओरडून इंग्रजी पाठ केले आणि पुढे त्याचा ‘क्रेझी इंग्लिश’ नावाचा धंदा केला. क्रीडांगणांत हजारो माणसे त्याच्यामागून वाक्ये ओरडत. मोठ्या वर्गाचे ते टोकाचे रूप म्हणावे लागेल: हजारो जण एकाच वेळी बोलतात आणि एकाचेही कुणी ऐकत नाही.

सरकारला हे दिसत नव्हते असे नाही. २००७ साली शिक्षण मंत्रालयाने काढलेल्या विद्यापीठीय इंग्रजीच्या दस्तऐवजात विद्यार्थिसंख्या वाढली आहे आणि साधने अपुरी आहेत, हे मान्य करून संगणकाची मदत घ्यायला सांगितले आहे. श्रवण संगणकावर करायचे आणि वाचलेला वेळ लहान गटांतल्या बोलण्याला द्यायचा, अशी ती कल्पना. कागदावर उत्तमच. पण लहान गट घ्यायलाही माणूसच लागतो.

बोलण्याची चर्चा खूप होते; वह्यांची होत नाही. खरे तर शिक्षक पिचतो तो तिथे. एका निबंधाला १५ मिनिटे दिली, तर ६० निबंधांना १५ तास लागतात. एका शिक्षकाकडे असे चार वर्ग असतील, तर एकच निबंध एकदा तपासायला ६० तास. म्हणून मग निबंध सत्रात दोनदाच लिहून घेतला जातो आणि त्यावर शेऱ्याऐवजी गुण पडतात. अमेरिकेत महाविद्यालयीन लेखन शिकवणाऱ्यांच्या संघटनेने लेखनाच्या वर्गात २०च्या वर विद्यार्थी असू नयेत, शक्यतो १५च असावेत, अशी भूमिका घेतली आहे ती याच हिशेबाने. तिथेही ती सर्वत्र पाळली जात नाही, पण निदान वाद घालायला एक आकडा हाताशी असतो. चीनने वह्यांवर वेगळा तोडगा काढला: ‘फीकाय’ नावाचे निबंध तपासणारे संकेतस्थळ. विद्यार्थी मजकूर चढवतो, यंत्र चुका दाखवते आणि गुण देते. क्रियापदाचे रूप चुकले हे यंत्राला कळते. मुलाला जे म्हणायचे होते ते म्हणता आले नाही, हे कळायला वाचणारा लागतो.

वर उल्लेख आलेले कोलमन यांनी दुसऱ्याच देशात या प्रश्नाकडे फार वेगळ्या नजरेने पाहिले. इंडोनेशियात सुलावेसी बेटावरच्या हसनुद्दीन विद्यापीठात काम करताना त्यांना असे वर्ग दिसले, की शिक्षक पुढे बोलतो आहे, मागे विद्यार्थी आपापसांत गप्पा मारताहेत, आणि याचे कुणालाच वावगे वाटत नाही. याला बेशिस्त न म्हणता त्यांनी त्याची तुलना जावातल्या ‘वायांग’ या छायाबाहुल्यांच्या रात्रभर चालणाऱ्या खेळाशी केली. दलांग एकटा सगळी पात्रे नाचवतो आणि प्रेक्षक येतात, जातात, खातात, डुलक्या घेतात. कोकणातला दशावतार पाहिलेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. वर्ग हाही तसाच एक खेळ. शिक्षकाने तो सादर करणे एवढेच अपेक्षित. १९८७ साली लिहिलेल्या लेखात त्यांनी सुचवले, की खेळाच्या जागी उत्सव आणावा. उत्सवात प्रेक्षक नसतात, सगळेच भाग घेतात. एकाकडची माहिती दुसऱ्याला विचारल्याशिवाय कामच पुरे होणार नाही अशा कृती द्यायच्या आणि शिक्षकाने बाजूला व्हायचे. उत्सवाला गर्दीची अडचण होत नाही, उलट गर्दी लागतेच.

मला ही कल्पना मनापासून पटते, पण अर्धीच. सुरुवातीचे दीड मिनिट तिने वाढते हे खरे: ३० जोड्या एकाच वेळी बोलू लागल्या, तर प्रत्येकाला वीस-पंचवीस मिनिटे सहज मिळतात. मात्र त्यासाठी बाके हलवता यावी लागतात, आणि मोठ्या व्याख्यानगृहांत ती जमिनीला खिळलेली असतात. शेजारच्या वर्गाला तो गलबला सोसावा लागतो. वह्यांचे १५ तास तर एका मिनिटानेही कमी होत नाहीत.

चीनमधली तोंडी परीक्षा आता संगणकावर होते. परीक्षार्थी कानाला श्रवणयंत्र लावून पडद्यासमोर बसतो, आणि यंत्रणा त्याची जोडी दुसऱ्या एका परीक्षार्थीशी लावून देते. दोघांनी दिलेल्या विषयावर काही मिनिटे इंग्रजीत बोलायचे असते. साठांच्या वर्गातून आलेल्या कित्येकांना असा हक्काचा जोडीदार तिथेच पहिल्यांदा मिळत असेल.