अक्काची शिकवणी

लॅमिंग्टन रोड म्हटले की मुंबईच्या नातलगांना त्यांचाच रस्ता आठवतो. त्या रस्त्याला पुढे डॉ. दादासाहेब भडकमकर यांचे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडचे जुने नाव काही सुटले नाही. आमच्या हुबळीतही एक लॅमिंग्टन रोड आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव दोन्ही गावांत रुजले, यात नवल नाही. १९५६ पर्यंत हुबळी-धारवाड हा मुलूख मुंबई राज्यातच होता. २०१४ साली शहराचे नाव अधिकृतपणे हुब्बळ्ळी झाले. मराठी घरांत मात्र ते हुबळीच राहिले आहे.

या रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत, जिना चढून गेल्यावर लागणाऱ्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाबाहेर, सायंकाळी सहाच्या सुमारास लहान लहान चपलांचे सात-आठ जोड दिसतात. आत पहिली ते चौथीची मुले चटईवर बसलेली असतात. त्यांना शिकविणारी मुलगी अवघी सोळा वर्षांची. पीयूसीच्या पहिल्या वर्षाला आहे. मुले तिला ‘अक्का’ म्हणतात. आपल्याकडच्या मराठी घरांना हा शब्द कानडीइतकाच स्वतःचा वाटतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिचे वडील माझ्याकडे आले. ते याच रस्त्यावरील एका दुकानात हिशेब लिहितात. मुलगी पूर्वी माझ्या शाळेत होती, म्हणून ते हक्काने म्हणाले, “सर, तुम्हीच तिला समजावून सांगा. सहामाहीत गुण घसरले आहेत. लोकांची पोरे शिकवता शिकवता हिचे स्वतःचे राहून जाईल. पण फीचे पैसे तीच भरते, म्हणून आमच्याने बोलवत नाही.” शेवटचे वाक्य उच्चारताना त्यांनी मान खाली घातली.

मी तिला थांबविण्याच्याच हेतूने गेलो. तिशीहून अधिक वर्षे फळ्यापुढे उभा राहिलेला माणूस मी. शिकविणे हे जाणत्याचे काम, ते पोरासोरांचे नव्हे, अशी माझी पक्की समजूत होती. कोपऱ्यात बसून मी तिचा तास पाहिला.

दुसरीतला एक मुलगा संख्या लिहीत होता. अक्काने ‘पंचवीस’ म्हटले, त्याने ५२ लिहिले. तिने त्याला रागावले नाही, की ‘चूक’ असा शब्दही काढला नाही. तिने त्याला तीच संख्या कानडीत म्हणावयास सांगितली. तो म्हणाला, “इप्पत्तैदु.” मग तिने काड्यांच्या दहा-दहाच्या दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या त्याच्यापुढे मांडल्या व म्हणाली, “कानडीत आधी जुड्या मोजतात, मग सुट्या. आजीच्या मराठीत आधी सुट्या, मग जुड्या. काड्या तितक्याच. लिहिताना मात्र नेहमी जुड्या आधी.” मुलाने काड्यांकडे पाहिले, पाटीकडे पाहिले आणि आपण होऊन ५२ पुसून २५ लिहिले. पुढचा शब्द होता ‘एकोणतीस’. त्याने ३९ लिहिले. अक्का हसली. “मीसुद्धा असेच लिहायची. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. कानडीत काय?” “इप्पत्तोंबत्तु.” “मग लिही.”

वाचकहो, या वयातील मराठी मुलांच्या वह्यांत अशा उलट्या संख्या मी वर्षानुवर्षे तांबड्या शाईने खोडीत आलो आहे. घरी मराठी आणि शाळेत कानडी अशा दोन वाटांवर ही मुले एकाच वेळी चालतात आणि दोन्ही भाषांत संख्यांची चाल एकमेकींच्या उलट आहे, हे मलाही ठाऊक होते. महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा केवढा वाद माजला होता, तोही मी वाचला होता. परंतु माझे ते पुस्तकी ज्ञान मुलाच्या पाटीपर्यंत कधी पोहोचले नव्हते. अक्काला स्वतःची ठेच अजून आठवत होती, आणि शिकविणाऱ्यापाशी याहून मोलाचे भांडवल क्वचितच असते. आम्हा मोठ्यांना विषय येतो. तो आपल्याला कसा येत नव्हता, हे मात्र आम्ही विसरून गेलेलो असतो.

घरी परतताना जाणवले की हे काही नवे नाही. आपल्या पंतोजींच्या शाळेत थोरली मुलेच धाकट्यांचा हात धरून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत. मद्रासच्या अनाथाश्रमातील मुलांना शिकविणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली, थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकविण्याचा प्रयोग केला आणि १७९७ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे ही ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडातील शाळांत पसरली. १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवू लागल्या तेव्हा सावित्रीबाई फुले सतरा वर्षांच्या होत्या. महर्षी कर्वे मुरुडहून साताऱ्यापर्यंत परीक्षेसाठी पायी गेले, आणि वयाने फार लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. पुढे मुंबईत शिकताना शिकवण्या करूनच त्यांनी आपला खर्च भागविला. अलीकडचे उदाहरण बंगालचे: मुर्शिदाबाद जिल्ह्यातील बाबर अली या मुलाने २००२ साली, नऊ वर्षांचा असताना, घराच्या अंगणात शेजारची मुले जमवून शाळा मांडली.

तथापि या सरळ बाजूला उलट बाजूही आहे, आणि ती मी स्वतः अनुभवली आहे. पीयूसीत असताना मीही चार मुलांची शिकवणी घेत असे. एका मुलाला सातचा पाढा येईना, म्हणून मी त्याच्या हातावर पट्टी मारली. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. महिनाअखेरीस त्याच्या आईने पैसे मात्र पुरते पाठविले. ते परत करण्याचे धैर्य मला झाले नाही. सोळाव्या वर्षी ठेच आठवते, पण धीर कमी असतो; आणि धाकट्यांवर सत्ता चालते, हेही त्याच वयात प्रथम कळते.

दुसऱ्या सायंकाळी मी अक्काला ही हकीकत सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, गुण घसरले हे खरे आहे. पण शिकवणी सोडली तर फी कोण भरणार?” या प्रश्नाला माझ्यापाशी सुभाषित नव्हते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने आम्हा शाळाशिक्षकांना खासगी शिकवणी मना आहे आणि ते योग्यच आहे. परंतु शिकवणीची गरज त्यामुळे कमी झालेली नाही. ‘असर’च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पहिली ते आठवीच्या मुलांपैकी पैसे देऊन शिकवणीस जाणाऱ्यांचे प्रमाण २०१८ साली २६.४ टक्के होते, ते २०२२ साली ३०.५ टक्के झाले. मोठ्या क्लासची फी न झेपणाऱ्या घरांना अशा एखाद्या अक्काचाच आधार असतो.

शेवटी तिचे आईवडील, ती आणि मी असे चौघे बसलो आणि काही गोष्टी ठरविल्या. शिकवणी रोज एकच तास, आठवड्यातून पाच दिवस. मुले आठांहून अधिक नाहीत. जे तिला येत नाही ते मुलांपुढे ‘मला येत नाही, उद्या सांगते’ असे म्हणायचे आणि मला येऊन विचारायचे. हात उगारायचा नाही. तिची परीक्षा जवळ आली की महिनाभर शिकवणी बंद. हे पालकांना आधीच सांगायचे. शिकवणी चालू असताना घरातील एक मोठे माणूस त्याच घरात असावे. पैसे पालकांनी तिच्याच हाती, ठरल्या तारखेस द्यावेत. ‘मुलगीच तर आहे’ म्हणून घासाघीस करू नये. शेवटची अट तिच्या आईने घातली.

वार्षिक परीक्षेत तिचे गुण काहीसे सावरले, पूर्ववत झाले नाहीत. वडिलांची काळजी अजून मिटलेली नाही, आणि ती मिटावी असे मी म्हणतही नाही. कारण त्या काळजीमुळेच सात वाजता शिकवणी संपते आणि तिचे स्वतःचे पुस्तक उघडते.

आपल्यापैकी कित्येकांच्या गल्लीत अशी एखादी अक्का किंवा एखादा दादा असेल. आपले मूल त्यांच्याकडे पाठविताना एवढे ध्यानात असावे, की शिकविणारेही कोणाचे तरी मूलच आहे. मी मात्र आता शाळेत मुलांच्या उलट्या संख्या तांबड्या शाईने खोडीत नाही. टेबलाच्या खणात काड्यांच्या जुड्या ठेवल्या आहेत.