मैलानळ आणि मालकाचें कर्तव्य

नांदेडांत व लातुरांत नव्या माड्यांच्या दर्शनी भागावर हात सैल सोडणारे मालक मैलानळाच्या वेळीं मात्र हात आखडतात, हें आम्हांस शोचनीय वाटतें. १०० मिलिमीटरच्या आडव्या नळास ४० फुटांस सुमारें १ फूट उतार हवा. भांड्याखालील वांकणांत ५० मिलिमीटर पाणी टिकलें तरच दुर्गंधी अडते, आणि वायुनळ छपरावर नेला नाहीं तर तेंही खेचलें जातें. ज्या लातुरास २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें तुंबल्या नळांत घागरी ओतणें कोणास परवडेल? शेवटीं मैलाटांकींत उतरतो तो सफाई कामगार. संरक्षक साधनांवांचून त्यास उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. भिंत लिंपण्यापूर्वीं नळांत पाणी भरून परीक्षा व्हावी. तिच्यावांचून दोन्ही महानगरपालिकांनीं वापराचा दाखला देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.